उन्हाळ्यासाठी पांढरी वाइन: कमी पैशांत चवदार बाटली कशी निवडावी?

जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांहून मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि राज्यभर वाद पेटला. वाइन ही दारू की नव्हे, यातून द्राक्षबागायतदाराचे भले होणार की संसार बुडणार, यावर बरीच खडाजंगी झाली, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि शेवटी तो निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. या सगळ्या गदारोळात ज्याला वाइन विकत घ्यायचीच आहे त्याचा साधा प्रश्न मात्र मागे पडला: फडताळावर दहा-पंधरा बाटल्या मांडलेल्या असतील, त्यांवरची निम्मी नावे उच्चारताही येत नसतील आणि खिशाला फार चाट लावायची नसेल, तर हात कोणत्या बाटलीला लावावा?

हा प्रश्न एप्रिल-मे महिन्यांत अधिकच टोकदार होतो, कारण थंडीत गोड वाटलेली जड लाल वाइन चाळीस अंशांच्या उकाड्यात घशाखाली उतरत नाही. म्हणून या लेखाचा विषय मुद्दाम आखडता ठेवला आहे. पांढरी वाइन, उन्हाळ्याचे दिवस आणि परवडणारी किंमत एवढाच तो आहे. ‘परवडणारी’ म्हणजे महाराष्ट्रातल्या वाइनरींच्या दरपत्रकातल्या खालच्या एक-दोन पायऱ्यांवरची बाटली, असे येथे धरले आहे.

पांढरी वाइन म्हणजे नेमके काय

वाइन म्हणजे द्राक्षाचा आंबवलेला रस. यीस्ट रसातली साखर खाते आणि तिच्यापासून मद्यार्क व कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते. वाइनसाठी लावलेली द्राक्षे आपण खातो त्या थॉमसन किंवा सोनाकापेक्षा वेगळी असतात. मणी लहान, साल जाड, आत बिया आणि रस खाण्याच्या द्राक्षांहूनही गोड. एका लिटर रसातल्या साधारण १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. त्यामुळे लिटरला सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर असलेल्या रसाची वाइन तेरा टक्क्यांच्या जवळ जाते.

लाल वाइन आंबवताना रसाबरोबर साल आणि बियाही ठेवतात आणि त्यांतून रंगाबरोबर टॅनिन उतरते. टॅनिन म्हणजे कोरा कडक चहा प्यायल्यावर जीभ ओढल्यासारखी करणारे तुरट द्रव्य. पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्षे दाबून रस लगेच सालीपासून वेगळा करतात, म्हणून तिच्यात टॅनिन जवळजवळ नसते. उन्हाळ्यात पांढऱ्या वाइनकडे वळण्याचे खरे कारण हेच आहे. टॅनिन असलेली वाइन थंडगार केली की तिचा तुरटपणा आणखी कडक लागतो, आणि पांढऱ्या वाइनला ती अडचण नसल्यामुळे ती निर्धास्तपणे थंड करता येते.

उकाड्यात आंबटपणा का हवा

टॅनिन नाही म्हटल्यावर पांढऱ्या वाइनला उभे ठेवणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे तिचा आंबटपणा. तंत्रज्ञ त्याला आम्लता म्हणतात. ती प्रामुख्याने दोन आम्लांमुळे येते: टार्टारिक आम्ल आणि कच्च्या सफरचंदात असते ते मॅलिक आम्ल.

आंबटपणा आणि गोडवा यांचे नाते कळण्यासाठी पन्ह्याकडे पाहावे. उकडलेल्या कैरीच्या गरात नुसते पाणी घातले तर पहिल्याच घोटाला दात आंबतात. गूळ ढीगभर पडला तर पन्हे पाकासारखे लागते आणि दुसरा पेला नकोसा होतो. जमलेल्या पन्ह्यात गूळ पुरेसा असतो, पण तो सहज जाणवत नाही, कारण कैरीने त्याला तोलून धरलेले असते. पांढऱ्या वाइनचेही तसेच आहे. तिच्यात थोडी साखर शिल्लक असणे हा दोष नव्हे, पण त्या साखरेला पेलणारा आंबटपणा नसेल तर वाइन बेचव आणि चिकट लागते. उलट आंबटपणा चांगला असेल तर तोंडाला पाणी सुटते, जीभ स्वच्छ होते आणि पुढचा घोट घ्यावासा वाटतो. उन्हाळ्यात आपण कोकम, लिंबू आणि कैरीकडे ज्यासाठी वळतो, तेच काम येथे ही आम्ले करतात.

बाटली निवडण्याच्या पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती फिरतात. उन्हाळ्यात वाइनचे नाव, देश आणि किंमत यांच्यापेक्षा तिच्यात आंबटपणा आणि ताजेपणा शिल्लक आहे का, हे पाहायचे असते.

निफाडची थंडी बाटलीत कशी उतरते

येथे एक शंका साहजिक आहे. द्राक्षाचा आंबटपणा थंड हवेत टिकतो आणि उन्हात जळतो, विशेषतः मॅलिक आम्ल तर मणी पिकताना उबदार रात्रींत भराभर खर्ची पडते. मग महाराष्ट्रासारख्या उष्ण प्रदेशात आंबट, ताजी वाइन होईल कशी?

उत्तर छाटणीच्या वेळापत्रकात आहे. युरोपात वेल हिवाळ्यात झोपतो, वसंतात फुटतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला द्राक्षे काढणीला येतात. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी होते, तिच्यातून पुढच्या हंगामाच्या काड्या तयार होतात. पाऊस ओसरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, फळछाटणी होते. त्यामुळे घड लागून मणी पिकण्याचा काळ बरोबर डिसेंबर ते फेब्रुवारीत येतो, जेव्हा नाशिकच्या पठारावर दिवस कोरडे व उन्हाचे आणि रात्री कडक थंडीच्या असतात. निफाडचा पारा काही हिवाळ्यांत पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. खाण्याच्या द्राक्षांची फुगवण या थंडीत थांबते, मणी तडकतात आणि बागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवून बसतात. ज्या थंडीने खाण्याच्या द्राक्षाच्या बागेतला माणूस हवालदिल होतो, तीच शेजारच्या वाइनच्या बागेतला आंबटपणा राखते.

वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, शक्यतो रात्री किंवा पहाटे, मणी थंड असतानाच खुडली जातात. रस स्टीलच्या टाक्यांत कमी तापमानाला आंबवला जातो, कारण तापमान वाढले की फळांचा नाजूक वास उडून जातो. एवढे करूनही आम्ल कमी पडले तर टार्टारिक आम्ल घालून ते सावरतात. उष्ण प्रदेशांत ही नेहमीची रीत आहे आणि तिच्यात फसवणूक काही नाही.

दोन द्राक्षांची ओळख पुरेशी आहे

जगात वाइनच्या द्राक्षांच्या शेकडो जाती आहेत, पण महाराष्ट्रातल्या दुकानात स्वस्त पांढऱ्या वाइनच्या फडताळासमोर उभे राहिलेल्याला त्यांतल्या दोन ओळखता आल्या तरी काम भागते: सोव्हिन्यों ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात राजीव सामंत यांनी १९९७ मध्ये याच दोन जातींची लागवड केली आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. त्याआधी नारायणगावच्या शामराव चौगुले यांनी फेसाळ वाइन करून ती परदेशापर्यंत पोहोचवली होती, पण रोजच्या जेवणाबरोबर प्यायच्या साध्या पांढऱ्या वाइनची सवय महाराष्ट्राला लावली ती या दोन द्राक्षांनी. दोन्ही मूळ फ्रान्सच्या, आणि दोन्हींचे लॉयर नदीच्या खोऱ्याशी जुने नाते आहे.

सोव्हिन्यों ब्लाँ ओळखायला सर्वांत सोपी. पेला नाकाशी नेला की आधी हिरवा वास येतो. ढोबळी मिरची चिरताना सुरीला लागतो तसा. हा भास नव्हे, कारण ढोबळ्या मिरचीला तिचा वास देणारे संयुग या द्राक्षातही असते. द्राक्ष जितके उन्हात पिकते तितका हा हिरवेपणा कमी होतो आणि त्याच्या जागी पेरू, चकोत्रा, पॅशनफ्रूट अशा फळांचे वास पुढे येतात. नाशिकच्या चांगल्या सोव्हिन्यों ब्लाँमध्ये दोन्ही सापडतात: सुरुवातीला मिरची किंवा ओले गवत, आणि पेला जरा तापला की मीठ-तिखट न लावलेला, नुकताच चिरलेला पेरू. ती बहुधा ड्राय असते. ड्राय म्हणजे जवळजवळ सगळी साखर आंबून संपलेली, अर्थात गोड न लागणारी. ज्यांना लिंबू सरबतात साखर कमी लागते, त्यांनी हिच्यापासून सुरुवात करावी.

शेनिन ब्लाँ स्वभावाने मवाळ. वास सफरचंद, पेअर, पिकलेली केळी, कधी मधाकडे झुकणारा. उन्हातही आंबटपणा न सोडणे आणि वेलाला भरपूर घड लागणे हे या जातीचे दोन मोठे गुण आहेत, आणि म्हणूनच उष्ण प्रदेशांनी तिला उचलून धरले. आज जगात तिची सर्वांत मोठी लागवड तिच्या मायदेशी नव्हे तर दक्षिण आफ्रिकेत आहे. नाशिकमध्ये काही शेनिन आंबवताना थंड करून मध्येच थांबवतात, त्यामुळे थोडी साखर मागे राहते. अशा वाइनला ऑफ-ड्राय म्हणतात, म्हणजे किंचित गोडसर. सुलाची साधी शेनिन याच घराण्यातली आहे. गोडवा म्हणून काही चोखंदळ मंडळी शेनिनला नाक मुरडतात. माझे मत उलट आहे. आपल्या तिखट-मिठाच्या जेवणाला आणि आपल्या उन्हाळ्याला थंडगार, किंचित गोडसर शेनिन जितकी मानवते तितकी दुसरी कुठलीच स्वस्त वाइन मानवत नाही.

या दोघींशिवाय काय आहे? व्हिओन्ये नावाच्या द्राक्षाची वाइन जर्दाळू आणि फुलांच्या वासाने भुरळ घालते, पण तिच्यात आंबटपणा बेताचा आणि अंगाने ती भरलेली, त्यामुळे कडक उन्हाळ्यात दुसऱ्या पेल्याला जड होते. शार्दने ओकच्या लाकडी पिंपात मुरवलेली असेल तर लोणी आणि व्हॅनिलाकडे जाते. ती थंडीसाठी ठेवावी. रीसलिंग मिळाली तर जरूर घ्यावी, मात्र ती थोडी महाग पडते.

लेबलावर काय वाचायचे

बाटलीच्या मागे ‘दरीतल्या पहाटेचा दरवळ’ अशा धर्तीचा मजकूर असतो. तो सोडून द्यावा आणि चार गोष्टी शोधाव्यात.

पहिली द्राक्षाची जात. ती लिहिलेली नसेल आणि नुसते ‘व्हाइट वाइन’ असेल, तर आत निरनिराळ्या द्राक्षांचे मिश्रण आहे असे समजावे. ते वाईट असतेच असे नाही, पण चवीचा अंदाज बांधता येत नाही.

दुसरी, आणि सर्वांत महत्त्वाची, साल. वाइनच्या भाषेत त्याला व्हिंटेज म्हणतात, म्हणजे द्राक्षे ज्या वर्षी खुडली ते वर्ष. जुनी वाइन चांगली ही समजूत स्वस्त पांढऱ्या वाइनच्या बाबतीत साफ चुकीची आहे. मुरवण्यासाठी केलेल्या वाइन जगात थोड्या आणि महाग असतात. बाकीच्या लवकर पिण्यासाठीच केलेल्या असतात. सोव्हिन्यों ब्लाँचा हिरवा, फळांचा वास बाटलीत दीड-दोन वर्षांत विझू लागतो. म्हणून यंदाचे किंवा फार तर गेल्या वर्षीचे साल घ्यावे. आपल्याकडची काढणी मार्चपर्यंत उरकत असल्याने यंदाच्या काही बाटल्या त्याच उन्हाळ्याच्या अखेरीस दुकानात येऊ लागतात, ही नाशिकजवळ राहण्यातली एक चैन म्हणावी लागेल. तीन वर्षांपूर्वीची साधी पांढरी वाइन सवलतीत मिळत असेल, तर ती सवलत का मिळते आहे ते ओळखावे.

तिसरी गोष्ट मद्यार्काचे प्रमाण. आपल्या पांढऱ्या वाइन साधारण १२ ते १३ टक्क्यांच्या असतात. उन्हाळ्यात १२ च्या बाजूची बरी. साडेतेराच्या पुढची वाइन उकाड्यात घशाला ऊब देते आणि ती ऊब नेमकी नको असते. चौथी गोष्ट गोडवा. ड्राय, ऑफ-ड्राय किंवा सेमी-स्वीट असे लिहिलेले असेल तर उत्तम. ‘लेट हार्वेस्ट’ असे असेल तर ती उशिरा खुडलेल्या द्राक्षांची, गोड पदार्थासारखी थोडीथोडी प्यायची वाइन आहे.

आणि झाकण? बूच नसून फिरकीचे झाकण दिसले की बाटली हलक्या दर्जाची, असा समज अजून आहे. ताज्या पांढऱ्या वाइनला फिरकीचे झाकणच हिताचे. हवा आत जात नाही, बुचामुळे कधीकधी येणारा ओल्या पुठ्ठ्याचा वास येत नाही आणि बूच उघडायचे हत्यार घरभर शोधावे लागत नाही.

स्वस्त म्हणजे हलकी नव्हे का?

लाल वाइनच्या बाबतीत या शंकेत तथ्य आहे. चांगल्या लाल वाइनचे टॅनिन मऊ व्हायला वेळ लागतो, त्यासाठी २२५ लिटरची ओकची पिंपे लागतात, ती बहुधा परदेशातून येतात आणि त्यांचा खर्च बाटलीवर चढतो. शिवाय वर्ष-दीड वर्ष माल तळघरात अडकून पडतो आणि त्या काळात पैसेही अडकतात. ताज्या पांढऱ्या वाइनला यांपैकी काही लागत नाही. स्टीलची टाकी, थंडावा आणि काही महिने, की बाटली तयार. एवढेच नव्हे, तर ओक आणि मुरवण हे आपल्याला उन्हाळ्यात नको असलेलेच गुण वाइनमध्ये आणतात. त्यामुळे एकाच वाइनरीची साधी शेनिन आणि पिंपात मुरवलेली ‘रिझर्व्ह’ शेनिन शेजारीशेजारी असतील, तर मे महिन्यात स्वस्त बाटली उचलणे ही काटकसर कमी आणि शहाणपण जास्त. येथे पैसे वाचवून चवीला मुकावे लागत नाही, अशी संधी वाइनच्या दुनियेत फार थोड्या ठिकाणी मिळते.

मग परदेशी बाटली का घेऊ नये?

घेऊ नये असे नाही, पण त्या किमतीत काय काय मोजले जाते ते माहीत असावे. भारतात आयात वाइनवर १५० टक्के सीमाशुल्क ही अनेक वर्षांची रीत आहे. म्हणजे बंदरावर पाच डॉलरची असलेली बाटली शुल्क भरताच साडेबारा डॉलरची होते आणि राज्याचे कर, आयातदाराचा व दुकानदाराचा नफा त्यापुढे चढतात. ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. त्यानुसार पाच डॉलरहून महाग बाटल्यांवरचे शुल्क प्रथम १०० टक्क्यांवर आले आणि दहा वर्षांत ते ५० टक्क्यांपर्यंत उतरायचे आहे. पंधरा डॉलरहून महाग बाटल्यांना त्याहून मोठी सूट आहे. पाच डॉलरच्या आतल्या बाटल्या या सवलतीत बसवलेल्याच नाहीत, कारण त्या आल्या असत्या तर इथल्या स्वस्त वाइनला थेट टक्कर बसली असती.

दुसरीकडे, महाराष्ट्राने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले, विंचूर आणि पलूस येथे वाइन पार्क उभे केले आणि राज्यातल्या द्राक्षांच्या वाइनला करांत मोठी सवलत दिली. परिणाम असा की आपल्या दुकानात एकाच किमतीच्या दोन बाटल्यांपैकी देशी बाटलीचे अधिक पैसे वाइनवर आणि परदेशी बाटलीचे अधिक पैसे शुल्कावर गेलेले असतात. खालच्या किमतीत तरी नाशिक किंवा अकलूजची बाटली बहुतेक वेळा सरस ठरते, ती या हिशेबामुळे. येथे देशाभिमानाचा प्रश्न नाही.

परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांचे गणित अर्थातच वेगळे. तेथे पोर्तुगालची विन्यो व्हेर्द (कमी मद्यार्काची, किंचित बुडबुड्यांची), दक्षिण फ्रान्सची पिकपूल, स्पेनच्या रुएदा भागातली व्हेर्देहो आणि दक्षिण आफ्रिकेची साधी शेनिन या चारांपैकी काहीही डोळे मिटून घ्यावे.

दुकानातले ऊन

नीट निवडलेली बाटली वाया जाते ती बहुधा दुकानात. वाइनला उष्णता आणि प्रकाश दोन्ही सोसत नाहीत, आणि आपल्याकडे रस्त्यालगतच्या दुकानात सर्वांत शोभिवंत बाटल्या नेमक्या काचेलगत, दुपारच्या उन्हात मांडलेल्या असतात. काही आठवडे चाळीस अंशांत उभी राहिलेली पांढरी वाइन आंबलेल्या, शिजवलेल्या सफरचंदासारखी लागते. पारदर्शक काचेच्या बाटलीत प्रकाशाने आणखी वेगळा, उकडलेल्या कोबीकडे जाणारा वास येऊ शकतो.

तेव्हा बाटली उजेडाकडे धरून पाहावी. ताज्या पांढऱ्या वाइनचा रंग फिकट पिवळा, थोडी हिरवट झाक असलेला असतो. तो सोनेरी-तपकिरी दिसला, बूच वर आलेले वाटले किंवा मानेजवळ चिकट ओघळ हाताला लागला, तर ती बाटली परत ठेवावी. वरच्या फडताळावरची, धूळ बसलेली, ट्यूबलाइटखाली तापणारी बाटली नको. खपणाऱ्या दुकानातली, आतल्या बाजूची किंवा फ्रिजमधली बाटली हवी. आणि घरी नेताना ती दुपारभर गाडीच्या डिकीत विसरू नये.

किती थंड करावी, आणि बर्फ घातला तर?

हलक्या पांढऱ्या वाइनला ८ ते १० अंश तापमान मानवते. घरातला फ्रिज चार अंशांच्या आसपास असतो, म्हणजे थेट त्यातून काढलेली वाइन गरजेपेक्षा थंड असते. अति थंडीत वास दबतो आणि गोडवाही कमी जाणवतो. नुसता आंबटपणा उरतो. हे तपासून पाहण्यासारखे आहे. सोव्हिन्यों ब्लाँ फ्रिजमधून काढून लगेच एक घोट घ्यावा आणि पाच-दहा मिनिटांनी दुसरा. पहिल्यात नुसती गार, लिंबासारखी धार लागते. दुसऱ्यात पेरू येतो. आणखी अर्ध्या तासाने, पंख्याखाली पेल्यातच राहिलेली तीच वाइन पुन्हा चाखली तर मद्यार्क नाकात चढतो आणि सगळा डौल जातो. आपल्या उकाड्यात हा प्रवास फार लवकर घडतो, म्हणून पेला निम्म्याहूनही कमी भरावा आणि बाटली पुन्हा थंडीत ठेवावी.

घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर खडे मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवावी. पंधरा-वीस मिनिटांत काम होते. पाणी आवश्यक आहे, कारण कोरड्या बर्फाच्या खड्यांचा बाटलीला सगळीकडून स्पर्श होत नाही. फ्रीझरमध्ये अर्धा तास चालतो, पण गजर लावून ठेवावा.

पेल्यात बर्फ घालणे हा गुन्हा आहे का? अजिबात नाही. पैसे आपले, उकाडाही आपला. तोटा एवढाच की बर्फ वितळून वाइन पाणचट होते. त्यापेक्षा मोसमात आणलेली थॉमसनची द्राक्षे मोकळी करून फ्रीझरमध्ये ठेवावीत आणि चार-पाच मणी पेल्यात टाकावेत. थंडावा येतो, पाणी सुटत नाही.

आपल्या जेवणाबरोबर जमते का?

‘वाइन युरोपीय जेवणाची, आपल्या मसाल्यापुढे ती टिकत नाही’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. मद्यार्काने तिखटाची आग वाढते, टॅनिनने आणखी भडकते. म्हणून तांबड्या रश्श्याबरोबर साडेतेरा टक्क्यांची ओकवाली वाइन खरोखरच दोघांचेही नुकसान करते. पण थंड, किंचित गोडसर, कमी मद्यार्काची शेनिन तेथे शांतपणे उभी राहते.

सोव्हिन्यों ब्लाँचा हिरवा वास हिरव्या चवींकडे ओढ घेतो. कोथिंबीर वडी, पुदिन्याची चटणी, हिरव्या वाटणातले पापलेट, ढोबळ्या मिरचीची पीठ पेरून केलेली भाजी, सगळ्यांशी तिचे जमते. तळलेल्या, खारट पदार्थांना आंबटपणा लागतो, तेव्हा रवा लावून तळलेले बोंबील आणि ड्राय पांढरी वाइन ही जोडी कोणत्याही पुस्तकाला न विचारता करावी. एक नियम उपयोगी पडतो. ताटातला पदार्थ वाइनहून आंबट असेल तर वाइन फिकी लागते, आणि पदार्थ वाइनहून गोड असेल तर वाइन नुसती आंबट लागते. श्रीखंडाबरोबर ड्राय वाइन पिऊन पाहण्याची म्हणूनच गरज नाही.

वाइन तब्येतीला चांगली असते ना?

हा प्रश्न हमखास येतो आणि त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले की मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. द्राक्षाच्या सालीतल्या द्रव्यांचे जे गोडवे गायले जातात, ते तर साल वेगळ्या काढलेल्या पांढऱ्या वाइनला फारसे लागूही होत नाहीत. वाइन ‘हलकी’ ही कल्पनाही आकड्यांपुढे टिकत नाही. साडेबारा टक्क्यांच्या ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ९४ मिलिलिटर मद्यार्क असतो, तर पाच टक्क्यांच्या ६५० मिलिलिटर बिअरच्या बाटलीत साडेबत्तीस. वाइनची एक बाटली म्हणजे बिअरच्या जवळजवळ तीन मोठ्या बाटल्या.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट. मद्यार्कामुळे लघवी वाढते आणि शरीरातले पाणी कमी होते, म्हणून तहान वाइनने भागवू नये. आधी पाणी प्यावे, वाइन नंतर, आणि प्रत्येक पेल्यामागे पुन्हा पाणी. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि मद्य बाळगण्या-पिण्यासाठी परवाना लागतो. गाडी चालवायची असेल तर पेला भरूच नये.

उरलेली बाटली

दोघांनी एकेक पेला घेतल्यावर अर्ध्याहून जास्त बाटली उरते, आणि ती संपवलीच पाहिजे असे मुळीच नाही. झाकण घट्ट लावून बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवावी. सोव्हिन्यों ब्लाँ दोन-तीन दिवस ताजी राहते, थोडी साखर असलेली शेनिन एखादा दिवस जास्त काढते. त्यानंतर वास बसतो, पण आंबटपणा शिल्लक असतो. लसूण, हिरवी मिरची आणि थोड्या लोण्यावर तिसऱ्या परतून त्यांवर अशी अर्धी वाटी वाइन ओतावी, झाकण ठेवावे आणि शिंपले उघडले की गॅस बंद करावा. मीठ आधी घालू नये, कारण तिसऱ्यांचे स्वतःचे खारट पाणी सुटते.